तांत्रिक पुस्तकांसाठी ई-रीडर की टॅब: आधी पान मोजावे, मग स्क्रीन

जून-जुलैमध्ये प्रवेश सुरू झाले की जळगाव, धुळे, भुसावळ, शिरपूर येथल्या मोबाइल-टॅबच्या दुकानांत एक प्रश्न हमखास विचारला जातो: मुलीला डिप्लोमाची पुस्तके वाचायला टॅब घ्यावा, की फक्त वाचनासाठी बनवलेले, डोळ्यांना त्रास न देणारे ते ई-रीडर घ्यावे? उत्तर देताना दुकानदार किंमत, बॅटरी, मेमरी आणि स्क्रीनचे इंच सांगतो. घरातली माणसे मुलगी त्यावर आणखी काय काय पाहील याची काळजी करतात. ज्या पुस्तकांसाठी एवढा खर्च करायचा त्यांचे पान किती मोठे आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते निवडीचा पहिला निकष तोच असायला हवा आणि बाकीचे निकष त्याच्यामागून यायला हवेत.

तांत्रिक पुस्तक वाचण्याची रीतच वेगळी असते. कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचली जाते, आणि अक्षर लहान-मोठे झाले किंवा ओळ दुसऱ्या जागी तुटली तरी तिचे काही बिघडत नाही. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला काँक्रीटच्या बीमचा शिअर, म्हणजे त्याला कातरू पाहणारा ताण, तपासायचा असला, तर त्याला आयएस ४५६ या भारतीय मानकातले ४० वे कलम वाचावे लागते, तिथून तक्ता १९ काढून काँक्रीटची श्रेणी आणि लोखंडाची टक्केवारी यांवरून एक आकडा घ्यावा लागतो, मग तक्ता २० मधली कमाल मर्यादा पाहावी लागते आणि पुन्हा आपल्या उदाहरणाकडे परतावे लागते. तक्ता १९ मध्ये ०.५० टक्के लोखंडासाठी एम २० काँक्रीटचा आकडा ०.४८ आहे, तर त्याच्या लगतच्या रकान्यात एम २५ चा आकडा ०.४९ आहे. ८ आणि ९ एकमेकांसारखे दिसू लागतील इतके अक्षर बारीक झाले, तर ते यंत्र कितीही हलके आणि देखणे असले तरी त्या विद्यार्थ्याच्या कामाचे नाही.

म्हणून तांत्रिक वाचनाच्या यंत्राकडून दोन गोष्टी हव्या असतात. पूर्ण पान, त्यातल्या आकृत्या आणि तक्ते जागच्या जागी ठेवून, वाचता येईल एवढ्या आकारात दिसले पाहिजे. आणि एका पानावरून दूरच्या दुसऱ्या पानावर जाऊन परत येणे झटपट झाले पाहिजे. या दोन मागण्या लक्षात ठेवल्या की जाहिरातीतल्या बऱ्याच गोष्टी आपोआप बाजूला पडतात.

फाइल कोणत्या जातीची आहे

यंत्राच्या आधी फाइलकडे पाहावे लागते. डिजिटल पुस्तके मुख्यतः दोन स्वरूपांत येतात. पीडीएफ हे स्वरूप ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणले आणि २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. कागदावर छापले जाणारे पान कुठल्याही संगणकावर हुबेहूब तसेच दिसावे, हाच त्याचा हेतू होता. त्यामुळे पीडीएफमधली ओळ, आकृती आणि सूत्र ही ठरलेल्या जागीच राहतात. स्क्रीन लहान असली तर संपूर्ण पान आक्रसते, अक्षरांसकट. ईपब हे २००७ मध्ये आलेले स्वरूप याच्या उलट वागते. त्यातला मजकूर स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे नव्याने मांडला जातो, अक्षर मोठे केले की ओळी आपोआप पुढे सरकतात, आणि पान ही ठरलेली गोष्टच राहत नाही.

लहान स्क्रीनला ईपब सोयीचे, हे उघड आहे. अडचण अशी की आपल्याकडच्या विद्यार्थ्याच्या हाती येणारे तांत्रिक साहित्य बहुतांशी पीडीएफमध्येच असते. भारतीय मानक ब्यूरोची मानके, तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईने ई-कुंभ या संकेतस्थळावर मोफत ठेवलेली अभियांत्रिकीची मराठी पाठ्यपुस्तके, एनसीईआरटी आणि बालभारतीची पुस्तके, यंत्र-उत्पादकांच्या माहितीपुस्तिका, प्राध्यापकांनी दिलेल्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, हे सगळे पीडीएफ. त्यातही मोठा भाग स्कॅन केलेल्या पानांचा असतो, म्हणजे तिथे अक्षरे नसून पानाचे छायाचित्र असते. अशा फाइलला अक्षर मोठे कर असे सांगता येत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने त्यात अक्षर नावाचे काही नसतेच.

पीडीएफचे ईपबमध्ये रूपांतर करून देणाऱ्या सोयी आहेत आणि साध्या गद्यासाठी त्या चांगल्या चालतात. सूत्रे, दोन रकान्यांची मांडणी आणि तक्ते आले की मात्र रूपांतरात त्यांची दाणादाण उडते: अपूर्णांकाचा अंश एका ओळीत आणि छेद दुसऱ्या ओळीत जातो, तक्त्याचे रकाने एकमेकांत शिरतात. गणिताचे पुस्तक अशा रीतीने वाचू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. चूक दिसून येत नाही आणि तशीच पाठ होते.

पानाचे गणित

ए४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. सहा इंची ई-रीडरची स्क्रीन सुमारे ९१ मिलिमीटर रुंद आणि १२२ मिलिमीटर उंच भरते. ए४ आकाराचे पान तिच्यावर पूर्ण बसवले, तर ते मूळ मापाच्या साधारण ४१ टक्के होते. म्हणजे छपाईत ११ पॉइंटचे (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचे माप) असलेले अक्षर साडेचार पॉइंटचे दिसते. औषधाच्या डबीतल्या घडीच्या कागदावरचा मजकूर असतो तसे ते अक्षर होते आणि त्यावर कोणी सेमिस्टरभर अभ्यास करू शकत नाही. सात इंची स्क्रीनवर हेच पान ४८ टक्क्यांपर्यंत येते, म्हणजे अक्षर सव्वापाच पॉइंटच्या आसपास. १०.३ इंची ई-रीडरवर ते ७० टक्के होते आणि अक्षर पावणेआठ पॉइंटच्या जवळ पोहोचते, जे चांगल्या नजरेला चालते. १३.३ इंची स्क्रीनवर पान ९० टक्क्यांच्या थोडे वरच राहते. तिथे प्रश्नच उरत नाही, पण ती यंत्रे महाग असतात.

इथे इंचाच्या आकड्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण फसगत इथेच होते. स्क्रीनचे इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या तिरप्या रेषेचे असतात. त्यावरून रुंदी कळत नाही. बहुतेक ई-रीडरची स्क्रीन ४:३ प्रमाणातली, म्हणजे बरीचशी कागदाच्या पानासारखी असते. पुष्कळ अँड्रॉइड टॅबची स्क्रीन मात्र १६:१० या लांबट प्रमाणातली असते, कारण ती आडवी धरून चित्रपट पाहण्याच्या हिशेबाने ठरवलेली असते. ११ इंचांचा असा टॅब उभा धरला की त्याची रुंदी फक्त १४८ मिलिमीटर भरते, आणि ए४ पान त्यावरही ७० टक्केच दिसते. म्हणजे ११ इंची लांबट टॅब आणि १०.३ इंची ई-रीडर हे या कामापुरते सारखेच ठरतात. ॲपलचा ११ इंची आयपॅड त्या मानाने रुंद असल्यामुळे तिथे पान ७५ टक्के येते, आणि १२.४ इंची लांबट टॅबवर ते ८० टक्क्यांच्या जवळ जाते.

या गणितात एक सवलत आहे, ती म्हणजे पानाच्या चारी बाजूंचे कोरे समास. ए४ पानाला सगळीकडून २५ मिलिमीटरचे समास असतील, तर प्रत्यक्ष मजकूर १६० बाय २४७ मिलिमीटर एवढ्याच जागेत असतो. वाचनाच्या ॲपमध्ये समास कापण्याची सोय असली आणि ती वापरली, तर १०.३ इंची ई-रीडरवर मजकूर ८५ टक्क्यांपर्यंत मोठा होतो, आणि ११ इंची लांबट टॅबवर तर ९० टक्क्यांच्या वर जातो, कारण समास गेल्यावर उरलेला मजकूर स्वतःच लांबट असतो. केओरीडर हे मोफत, मुक्त-स्रोत ॲप या कामात फार चांगले आहे आणि ते अँड्रॉइड टॅबवरही चालते. पुष्कळांना ही सोय माहीत नसते आणि ते उगाच मोठ्या स्क्रीनसाठी पैसे मोजतात.

हे सगळे आकडे बाजूला ठेवून स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घेण्याचा एक अगदी स्वस्त उपाय आहे. आपल्या अभ्यासक्रमातले सर्वांत किचकट पान निवडावे, म्हणजे बारीक तक्ता किंवा पायाशी लहान अंक असलेली सूत्रे असलेले, आणि झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याची ७० टक्के आकाराची प्रत काढून मागावी. ए४ चे ए५ करणारे ७० किंवा ७१ टक्क्यांचे बटण बहुतेक यंत्रांवर तयारच असते. ती प्रत म्हणजे १०.३ इंची ई-रीडर किंवा ११ इंची लांबट टॅब. दुसरी प्रत ५० टक्क्यांची काढावी. ती सात इंची ई-रीडरपेक्षा किंचित मोठीच असेल. घरी रात्रीच्या नेहमीच्या दिव्याखाली, नेहमीच्या अंतरावर धरून दोन्ही प्रती अर्धा तास वाचून पाहाव्यात. चार-पाच रुपयांत मिळणारे हे उत्तर कुठल्याही जाहिरातीपेक्षा विश्वासाचे असते, आणि चाळिशीचा चष्मा लागलेल्या शिक्षकाचे उत्तर अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यापेक्षा वेगळे येईल, हेही त्यात आपोआप धरले जाते.

ई-शाई कशी चालते, आणि ती कुठे थकते

ई-रीडरची स्क्रीन इतर स्क्रीनपेक्षा मुळातच वेगळी, ई-शाईची (इंग्रजीत ई इंक) असते. ई इंक ही कंपनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमधल्या संशोधनातून उभी राहिली. त्या तंत्रावरचे पहिले विक्रीयोग्य वाचनयंत्र सोनीने २००४ मध्ये जपानात आणले आणि ॲमेझॉनचे किंडल २००७ मध्ये आले. या स्क्रीनच्या पृष्ठभागाखाली लक्षावधी सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येकीत पारदर्शक द्रवामध्ये पांढरे आणि काळे कण तरंगत असतात. पांढऱ्या कणांवर एका जातीचा विद्युतभार असतो, काळ्यांवर त्याच्या विरुद्ध. खालून विद्युतदाब दिला की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्या रंगाचे खाली जातात. वर आलेल्या कणांचाच ठिपका आपल्याला दिसतो. एकदा कण जागेवर बसले की ते तिथेच राहतात, वीज लागत नाही. वीज खर्च होते ती पान बदलताना, पुढच्या दिव्यासाठी आणि वायफायसाठी. म्हणूनच ई-रीडरची बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते, तर टॅब सलग वापरल्यास दिवसभरात चार्जिंगला लावावाच लागतो. ज्या गावांत रात्रीचे भारनियमन अजून होते, तिथे हा फरक लहान नाही.

ही स्क्रीन स्वतःचा प्रकाश फेकत नाही, बाहेरचा प्रकाश परतवते. त्यामुळे उन्हात ती अधिकच स्पष्ट दिसते. रावेर-यावलकडे दुपारी केळीच्या बागेत ठिबकच्या व्हॉल्व्हची माहितीपुस्तिका उघडून पाहणाऱ्या कृषी पदविकेच्या विद्यार्थ्याला टॅबची स्क्रीन बांधावर जवळजवळ काळी दिसते, ई-रीडर मात्र छापील कागदासारखे वाचता येते. रात्री वाचण्यासाठी आजच्या बहुतेक ई-रीडरमध्ये कडेला लहान दिवे असतात. त्यांचा प्रकाश डोळ्यांकडे न येता स्क्रीनच्या पृष्ठभागावर पसरतो. सलग दोन-तीन तास सिद्धान्त वाचायचा असेल, तर पुष्कळ वाचकांना हे सुखकर वाटते, मलाही वाटते. डोळे कोरडे पडण्याचे मोठे कारण मात्र टक लावून पाहताना पापण्या कमी मिटणे हे आहे, आणि ते कुठल्याही स्क्रीनवर होऊ शकते. केवळ ई-रीडर घेतल्याने डोळ्यांची जबाबदारी संपत नाही.

आता या तंत्राची दुसरी बाजू. कण प्रत्यक्ष सरकावे लागत असल्यामुळे चित्र बदलायला वेळ लागतो आणि मागच्या पानाची पुसट सावली कधी कधी उरते. ती घालवण्यासाठी अधूनमधून पूर्ण स्क्रीन काळी-पांढरी लुकलुकते. पान उलटताना याचे काही वाटत नाही. पण वर सांगितलेला तक्ता १९ शोधताना चाळीस पाने झरझर मागे जायचे, तिथे दोन बोटांनी आकडा मोठा करायचा, पान बाजूला सरकवायचे आणि परत यायचे, हे ई-शाईच्या स्क्रीनवर कंटाळवाणे होते. एसपी १६ या डिझाइनच्या साहाय्यक पुस्तिकेतले आलेख याहून अवघड: बारीक चौकटींच्या जाळीवर एकमेकांना चिकटून धावणाऱ्या वक्ररेषांतून नेमकी आपली रेषा पकडायची असते, आणि त्यासाठी मोठे करणे, सरकवणे, पुन्हा लहान करणे हे सतत चालू असते. हे काम टॅबवर सहज होते. माझे मत असे आहे की ज्याचा निम्म्याहून जास्त अभ्यास तक्ते आणि आलेख पाहण्याचा आहे, त्याने ई-रीडरच्या मोहात पडू नये.

रंगाचाही विचार इथेच करावा. साध्या ई-रीडरवर फक्त करड्या रंगाच्या १६ छटा दिसतात. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडमधली थ्री-फेज मोटरच्या स्टार्टरची आकृती घ्या: तीन फेजच्या तारा लाल, पिवळ्या आणि निळ्या रंगाने दाखवलेल्या असतात. करड्या छटांत पिवळी तार फिकट दिसते म्हणून वेगळी ओळखू येते, पण लाल आणि निळी या दोन्ही गडद करड्या होतात आणि जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे कोणती कुठे गेली हे कळत नाही. पुस्तकात रेषांशेजारी अक्षरेही लिहिलेली असतील तर भागते. नसतील तर आकृती निरुपयोगी ठरते. आता रंगीत ई-शाईची यंत्रेही मिळतात, पण त्यांत काळा-पांढरा मजकूर इंचाला ३०० ठिपक्यांचा असला तरी रंगीत भाग १५० ठिपक्यांचाच असतो, आणि वर बसवलेल्या रंगगाळणीमुळे पांढरा भाग काहीसा काळपट दिसतो. रंग कोणता हे ओळखण्यापुरते ते पुरते. शरीररचनेच्या किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या रंगीत छायाचित्रांना ते न्याय देत नाही.

संगणकाची पुस्तके

प्रोग्रामिंगची पुस्तके बऱ्याचदा ईपबमध्ये मिळतात, त्यामुळे लहान ई-रीडर त्यांना चालेल असे वाटते. गद्य भागापुरते ते खरे आहे. कोडच्या ओळीचे तसे नाही. कोड समान रुंदीच्या अक्षरांत छापतात आणि एका ओळीत ८० अक्षरांपर्यंत मजकूर ठेवण्याची जुनी प्रथा आहे. सहा इंची स्क्रीनवर कडेची जागा सोडून ८० मिलिमीटर उरतात. आठ पॉइंटच्या अक्षरात तेवढ्या जागेत ४७ च्या आसपास अक्षरे बसतात. उरलेली ओळ तुटून खाली येते. पायथॉनसारख्या भाषेत ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली यावरच कोणते विधान कशाच्या आत आहे हे ठरते, त्यामुळे तुटलेली ओळ नवशिक्याची हमखास दिशाभूल करते. यंत्र आडवे धरले तर ६५ अक्षरे बसतात, ते बरेच बरे. ज्याला मुख्यतः अशीच पुस्तके वाचायची आहेत त्याने सात इंचांपेक्षा लहान स्क्रीन घेऊ नये आणि स्क्रीन आडवी फिरवण्याची सोय आहे की नाही हे आधी पाहावे.

गणिती सूत्रांबाबतही ईपबवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. २०११ च्या ईपब ३ पासून सूत्रे मजकुराप्रमाणेच मांडण्याची सोय आहे, तरीही अनेक प्रकाशक सूत्राचे लहानसे चित्र चिकटवून मोकळे होतात. मग अक्षर मोठे केले तरी सूत्र तेवढेच राहते, किंवा मोठे होऊन फाटते. विकत घेण्यापूर्वी नमुना प्रकरण मिळत असेल तर त्यातले एखादे लांब समीकरण उघडून पाहणे फार उपयोगी पडते.

मराठी मजकुराच्या खास अडचणी

मराठीत तांत्रिक वाचन करणाऱ्याला आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली ठिपक्यांची दाटी. रोमन अक्षरापेक्षा देवनागरी अक्षरात वर-खाली जास्त तपशील असतो: रफार, उकार, अनुस्वार, जोडाक्षरातले अर्धे अक्षर. इंचाला ३०० ठिपके असलेल्या स्क्रीनवर आठ पॉइंटचे मराठी अक्षर स्वच्छ उमटते. काही मोठ्या ई-रीडरमध्ये ही दाटी २२७ असते, आणि तिथे पान ७० टक्के झाल्यावर तळटिपांतले अनुस्वार अंदाजाने वाचावे लागतात. मराठी पुस्तके जास्त वाचणाऱ्याने मोठ्या स्क्रीनबरोबर दाटीचा आकडाही विचारावा.

दुसरी गोष्ट फाँटची. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची समान संकेतप्रणाली, रुळण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटमध्ये बनवलेल्या पीडीएफ आजही सर्वत्र फिरतात. डोळ्यांना त्या नीट दिसतात, पण आत साठवलेली चिन्हे मराठी अक्षरांची नसतात, त्यामुळे शोध घेतला तर काहीच सापडत नाही आणि ओळ उतरवून घेतली तर निरर्थक चिन्हे येतात. तांत्रिक पुस्तकात शोध ही चैन नाही, रोजची गरज आहे. यावर नुसते यंत्र बदलून उपाय होत नाही. टॅब किंवा संगणकावर अशा पानांची मजकूर-ओळख (ओसीआर), म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा खरा मजकूर बनवणे, करून घेता येते, ई-रीडरवर ती सोय सहसा नसते. एवढ्यापुरता टॅबचा पक्ष इथे वरचढ ठरतो. ईपबमधली जोडाक्षरे नीट जुळतात का, हेही प्रत्येक यंत्रावर स्वतंत्रपणे तपासावे. किंडलच्या दुकानात २०१६ च्या अखेरीपासून मराठी पुस्तके अधिकृतपणे मिळतात, त्यामुळे तिथे ही अडचण राहिलेली नाही.

ऊन, कुलूप आणि लक्ष

खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून अधिक उकाडा असतो. टॅब आणि ई-रीडर दोन्ही साधारणपणे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. तापलेला टॅब आधी स्क्रीनचा उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो. ई-रीडर स्वतः फारसे तापत नसल्याने ते तग धरते, पण बंद गाडीत किंवा एसटीच्या खिडकीशी उन्हात दोन्हीपैकी काहीच ठेवू नये. लिथियमच्या बॅटरीचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने कमी होते. उन्हाळ्याच्या दुपारी जाड रबरी कव्हर काढून वाचणे आणि चार्जिंग पहाटे किंवा रात्री करणे, एवढी सवय लावली तरी पुष्कळ फरक पडतो.

विकत घेतलेल्या ई-पुस्तकाला बहुधा त्या दुकानाचे डिजिटल कुलूप असते. एका कंपनीकडून घेतलेले पुस्तक दुसऱ्या कंपनीच्या ई-रीडरवर सहसा उघडत नाही. ॲमेझॉनने तर संगणकावर किंडल पुस्तक उतरवून यूएसबीने यंत्रात टाकण्याची सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. टॅबवर बहुतेक दुकानांची आणि ग्रंथालयांची ॲप बसतात, त्यामुळे हा प्रश्न तिथे फारसा येत नाही. अँड्रॉइडवर चालणारी ई-शाईची यंत्रेही आहेत आणि त्यांवर ही ॲप चालतात; मात्र त्यांतली बरीचशी बाहेरून मागवावी लागतात, आणि स्क्रीनला तडा गेला तर दुरुस्तीसाठी जवळ कोणी नसते. ई-शाईची स्क्रीन काचेच्या पातळ पत्र्यावर बसवलेली असल्यामुळे दप्तरात दाबाखाली ती सहज फुटते, तेव्हा कडक कव्हर ही खरेदीचाच भाग समजावी.

पालकांची काळजी मी गौण मानत नाही. टॅबवर अभ्यासाचे ॲप आणि करमणुकीचे ॲप एकाच बोटाच्या अंतरावर असतात, आणि सूचनांच्या प्रत्येक आवाजाने वाचनाची साखळी तुटते. ई-रीडरमध्ये हा मोह नाही, हा त्याचा फार मोठा गुण आहे. टॅब घ्यायचाच असेल तर सिम नसलेला, फक्त वायफायचा घ्यावा, पुस्तके आधी उतरवून ठेवावीत आणि अभ्यासिकेत बसताना इंटरनेट बंद ठेवावे. घरातल्या मोठ्यांनी हे मुलांशी बोलून ठरवले तर ते टिकते.

कोणी काय घ्यावे

स्थापत्य, यंत्र आणि विद्युत शाखांच्या विद्यार्थ्यांनी, तसेच आयटीआयच्या मुलांनी, बिनदिक्कत टॅब घ्यावा. ११ इंचांच्या आसपासचा, शक्य तर रुंद प्रमाणातला, आणि मोठ्या स्कॅन फाइल अडखळू नयेत म्हणून किमान सहा जीबी रॅमचा. नोट्स लिहिणार असतील तर पेन बरोबर येते की वेगळे घ्यावे लागते हे विचारून घ्यावे. परीक्षेत आयएस कोड जवळ ठेवू देतात तिथे छापील प्रतच चालते, तेव्हा तेवढी पुस्तके कागदावर असावीतच. ज्या प्रतीवर परीक्षा द्यायची तिच्यावरच सराव झालेला बरा.

गणित, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र किंवा कायदा वाचणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे आणि प्राध्यापकांचे वाचन लांब आणि सलग असते. त्यांना १०.३ इंची, पेन असलेले ई-रीडर मनापासून आवडेल, विशेषतः घरात संगणक आधीपासून असेल तर. शोध आणि आलेख संगणकावर, वाचन ई-रीडरवर. संशोधनाचे लेख दिवसरात्र वाचणाऱ्याने पैसे असतील तर १३.३ इंचांचा विचार करावा. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात किंवा भुसावळच्या रेल्वे कारखान्यात शिकाऊ म्हणून जाणाऱ्या मुलाला पाळीहून येता-जाता वाचायचे असेल आणि त्याची पुस्तके ईपबमध्ये असतील, तर सात इंची ई-रीडर पुरेसे आहे. सहा इंची मात्र तांत्रिक पुस्तकांसाठी मी कोणालाच सुचवणार नाही.

खरेदीला जाताना स्वतःच्या तीन फाइल पेनड्राइव्हवर न्याव्यात: एक स्कॅन केलेली जाड पीडीएफ, एक सूत्रांनी भरलेली, आणि एक मराठी. दुकानदाराला सांगून त्या दाखवण्याच्या यंत्रावर उघडाव्यात. स्कॅन फाइलच्या मध्यावर एकदम उडी मारून पान किती वेळात येते ते पाहावे, एका ओळीवर रंगीत खूण करून फाइल बंद करून पुन्हा उघडावी, आणि ती खूण केलेली फाइल संगणकावर नेल्यावर खूण दिसते का, हे विचारून नव्हे तर करून पाहावे. काही ॲपमध्ये खुणा त्याच यंत्रात अडकून राहतात आणि यंत्र बिघडले की वर्षभराच्या टिपा जातात. यंत्र ऑनलाइन मागवायचे असेल तर हीच तपासणी परत करण्याची मुदत संपण्याआधी घरी करावी, आणि तोपर्यंत खोके व बिल जपून ठेवावे.